देवीकोटच्या अलीकडे

व्हॅनमध्ये कुणाची तरी वही राहिली होती, भूगोलाची,
तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर
रस्ता लिहायला घेतलाय.
हे सांगतात, मी लिहिते.
पंख्यानं पान उडतं
म्हणून वर अडकित्ता ठेवलाय.

अमळनेर, धुळे, साक्री.
कोंडाईबारीच्या घाटात दुसरा गिअर, हे म्हणाले,
जसा काही मी तो घाट पाहिलाच नाही.
नाहीच पाहिला.
अकरा वर्षं शाळेची ओम्नी चालवली,
काटा एक लाख नऊ हजारावर गेलाय,
सगळा फाटक ते शाळा, शाळा ते फाटक,
चौदा पोरं, चौदा डबे,
आणि रोज कुणाला तरी ओकारी.

नवापूर, सोनगड. गुजरात भरभर संपवतात,
तिथलं यांना काही सांगायचं नसतं.
सांचोरला आवाज हळू होतो.
बाडमेर. शिव.
"शिवनंतर पेट्रोलचा भरवसा धरू नको.
आणि बाजूला बघत बसू नको, काही नसतं.
काही नसतं म्हणूनच माणूस बघत बसतो."

बावीस वर्षं रावेरची केळी नेली यांनी त्या रस्त्यानं.
इथून हिरवी निघायची, तिथे पिवळी उतरायची.
मग साखरेनं डोळे नेले.
उजव्यात थोडं उरलंय,
दिवा लागलाय की नाही, एवढं कळतं.
वाळवंटाला तेवढं पुरतं म्हणतात.

मथाबाईनं कुंपणावरून विचारलं,
"कथा चालनात वैनी?"
वाळवंटात, म्हटलं.
"का बरं? आठे ऊन कमी शे का?"
त्या दिवशी सेहेचाळीस होतं,
टाकीतलं पाणी हाताला चटके देत होतं,
दोरीवरचं लुगडं पापडासारखं वाजत होतं.
डिसेंबरात जाणार, म्हटलं.
ती हसली ती हसलीच.

लेक म्हणते विमानानं जा, जोधपूरला उतरा.
विमानात यांना शेजारून कोण सांगू देणार,
क्लच सोड, आता सोड?

बिबडे घ्यायचे, खराब होत नाहीत.
इन्सुलिनला थर्मास. पाण्याचे दोन कॅन.
दुसरी स्टेपनी हवी म्हटल्यावर
अय्यूब मिस्तरी डोकं खाजवायला लागला: ठेवायची कुठे, भाभी?
मागची बाकं काढ.
काढली तर खाली तीन खोडरबर,
एक पायमोजा,
आणि कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात.
दात कप्प्यात ठेवून दिलाय.
येईल तोही.

पहाटे बोरीच्या कोरड्या पात्रात गाडी घातली, सरावाला.
दहा पावलांवर मागची चाकं रुतली.
मी रेस देतेय, गाडी खाली खाली,
काठावर डबा घेऊन बसलेली माणसं मान वळवून बघतायत.
"जोर नको," हे शेजारून.
"चाकांतली हवा सोड. वाळूला मऊ चाक लागतं."
खाली उतरून हवा सोडली.
निघाली.
लग्नाला सदतीस वर्षं झाली,
हे कधी आधी सांगितलं नाही.

काल रात्री शेवटचं पान.
"देवीकोटच्या अलीकडे आठ किलोमीटर,
डाव्या हाताला एकटी खेजडी आहे.
तिथे थांबायचं. दहा मिनिटं."
कशाला?
"गाडी थंड करायला."
डिसेंबरात?

यांनी पाण्याचा तांब्या चाचपला.
हाताशीच होता,
तरी बराच वेळ चाचपत राहिले.

पुन्हा नाही विचारलं.
झाड अजून असेल का, एवढंच म्हटलं.
"ते कुठे जातंय."

लिहिलं: खेजडी. थांबा, १० मिनिटं.
मग हे कूस वळवून झोपल्यावर
दहाच्या पुढे आणखी एक शून्य काढलं.
यांना कुठे दिसतंय.
खाली जैसलमेर लिहायचं राहिलं होतं,
तेही लिहिलं.